कोयंड्यांची बीअरची बोट

मुलुंड पूर्वेच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक पद्धत आहे. सभासदाला ज्या महिन्यात पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होतात, त्या महिन्यातल्या एका गुरुवारी त्याने अर्धा तास बोलायचं. विषय सगळ्यांना एकच: आपण आयुष्यभर काम काय केलं. शाल नाही, नारळ नाही, नुसता अर्धा तास. पत्ता न लागलेल्या पत्रांचं टपाल खातं काय करतं, हे आम्हाला अशाच एका गुरुवारी कळलं. चाळीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती करणारा माणूस स्वतः जिन्याने का जातो, हेही कळलं, आणि त्यानंतर पुढचे दोन आठवडे आमच्यातले बरेच जण जिन्याने गेले.

अर्धा तास म्हणजे अर्धाच तास. संघाचे अध्यक्ष भाऊ फणसळकर टेबलावर पितळी घंटी ठेवून बसतात. त्यांची नोकरी विमा कंपनीत झाली. मुदत संपली की संपली, हे अंगात भिनलेलं. एकदा एका वक्त्याची हकीकत त्याच्या लग्नाच्या मांडवापर्यंत आली होती, अंतरपाट धरला होता, आणि भाऊंनी घंटी वाजवली. ते गृहस्थ पुढे वारले. त्यांचं लग्न लागलं की नाही, हे संघाला अधिकृतपणे अजून माहीत नाही.

गेल्या वर्षी पाळी आली काशीराम कोयंड्यांची.

काशीराम मूळचे देवगडकडचे. तरुणपणी खलाशी म्हणून मुंबईत आले, आधी कांजूरमार्गला एका खोलीत राहिले, मग मुलगा राजेश नोकरीला लागल्यावर मुलुंडला आले. उंची बेताची, छाती रुंद, आणि बुशशर्टच्या खिशात पेनाशेजारी एक छोटी बॅटरी. कुठलाही उभा जिना ते जिन्याकडे तोंड करून, पाठीमागच्या पाठीमागे उतरतात, बोटीवरच्या शिडीवरून उतरावं तसे. वाण्याच्या माळ्यावरून त्यांना असं उतरताना पाहून दुकानातली गिऱ्हाइकं बाजूला होतात. त्यांना वाटतं, म्हाताऱ्याला चक्कर आली.

पण काशीरामांची खरी ओळख म्हणजे त्यांचं नाक. आमच्या इमारतीत कुणाकडे गॅस गळतोय अशी शंका आली, तर आधी काशीरामांना बोलावतात आणि मग गॅसवाल्यांना. ते दारात उभे राहतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "गॅस नाय. सिंकखाली बटाटा सडलाय. डाव्या बाजूला." बटाटा डाव्या बाजूलाच असतो.

संघाच्या दारातल्या फळ्यावर गुरुवारचा विषय लिहायचं काम माझ्याकडे आहे. शाळेतून निवृत्त झाले तरी हाताची खडूची सवय सुटली नाही, म्हणून मीच ते मागून घेतलं. सोमवारी सकाळी काशीराम आले आणि फळ्यापुढे उभे राहिले.

"बाई, लिवा. बीअर वाहून नेणाऱ्या बोटींचा इतिहास. वक्ते, काशीराम कोयंडे."

"कसल्या बोटी?"

"बीअरच्या. मी काय वाहत होतो मग अकरा वर्षं, वारा?"

ते बोटीवर होते हे मला सहा वर्षांपासून माहीत होतं. त्यांच्या बायकोने, सुगंधाताईंनी, "हे टँकरवर होते" एवढंच सांगितलं होतं, आणि टँकर म्हटल्यावर मी तेलाचा धरला होता. तिथे फळ्यापाशी उभ्याउभ्याच काशीरामांनी मला बाकीचं सांगितलं.

एकोणीसशे एकोणऐंशी साल. बॅलार्ड पिअरजवळ एका एजंटच्या ऑफिसात बारा खलाशी नोकरीसाठी ओळीने उभे होते, सगळे कोकणातले. एजंटने विचारलं, "तुमच्यात दारू न पिणारा कोण आहे?" अकरा जण जमिनीकडे बघू लागले. काशीरामांनी हात वर केला, कारण आईने गळ्यात तुळशीची माळ घालून पाठवलं होतं आणि ती घालून खोटं बोलवत नाही.

"बाकीच्यांना चांगल्या मोठ्या मालाच्या बोटी मिळाल्या. मला म्हणाला, तुला स्पेशल बोट देतो. मला वाटलं, यात्रेकरूंची असेल! विमानाने युरोपात नेलं नि उत्तरेकडच्या एका बंदरात उतरवलं. ही थंडी! बोटीच्या फळीवर पाय ठेवला मात्र नि नाकाने सांगितलं, काशीराम, तुझी फसवणूक झाली."

फसवणूक झाली नव्हती. त्या छोट्या टँकरला न पिणारा माणूसच हवा होता. प्रत्येक फेरीनंतर टाक्या धुवायच्या, आणि धुतल्यावर कुणीतरी आत उतरून, वास घेऊन, टाकी स्वच्छ असल्याचं सांगायचं. तसं सांगितल्याशिवाय नवा माल भरायचा नाही. आधीचा माणूस टाकी तपासायला जाताना खिशात पेला घेऊन जायचा, आणि टाकी धुण्याच्या आधीच तपासायचा.

"तर बाई, पंच्याहत्तरी एकदाच येते. आजपर्यंत मी हे कुणाला धड सांगितलं नाय. गावात सांगितलं तर लोक हसतात, नि हसून झाल्यावर बाटली मागतात. कामाचं कुणी विचारलं नाय. ह्या गुरवारी मला ते सांगायचंय. तेवढंच."

त्यांनी एक वही दाखवली. अर्ध्या वहीत जुन्या बोटींची माहिती होती, त्यांच्या बोटीवरचा एक म्हातारा अधिकारी रविवारी रविवारी सांगायचा ती. उरलेल्या अर्ध्या वहीत त्यांची स्वतःची बोट होती. जुन्या बोटींचं मी पुढे वाचनालयात बसून तपासून पाहिलं. दोन सालं चुकली होती, बाकी सगळं बरोबर.

मी फळ्यावर विषय लिहिला आणि घरी पोचले, तोवर भाऊंचा फोन आला होता.

संध्याकाळी संघाच्या खोलीत आम्ही तिघं बसलो.

"कोयंडे, तुमच्याबद्दल मला आदर आहे," भाऊ म्हणाले. "पण आपल्याकडे वातावरण आहे एक. आज बीअरची बोट, उद्या कोणी उठून मटक्यावर बोलेल."

"मटक्यावर बोलणारा आपल्यात हाय कोण?"

"आहे ना. म्हणूनच म्हणतोय."

"भाऊ, मी पिण्यावर बोलत नाय. वाहण्यावर बोलतोय."

"लोकांना फरक कळत नाही. लहान मुलं येतात इथे."

संघातलं सगळ्यांत लहान मूल सदुसष्ट वर्षांचं आहे. मी तसं म्हणाले. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"हे बघा, मी विरोध करत नाही," ते शेवटी म्हणाले. "दोनच अटी. फळ्यावर तो शब्द नको. आणि दुसरं, सुरुवातीलाच सभेला स्पष्ट सांगायचं, की मी आयुष्यात कधी एक थेंबही घेतलेला नाही."

बाहेर आल्यावर काशीराम बागेच्या कठड्यावर बसले. पहिल्या अटीचं त्यांना काही नव्हतं. दुसरी लागली होती.

"खरं आहे ना पण ते?" मी विचारलं.

"खरं आहे म्हणूनच तर वाट लागली! एरवी लोकांना वाटतं, हा अकरा वर्षं बीअरच्या बोटीवर होता, म्हणजे ह्याला काय काय माहीत असेल. पहिल्याच वाक्यात समजलं की ह्याने चाखली पण नाय, तर पुढे कोण ऐकणार? दोन मिनिटांत पेंगतील सगळे."

मंगळवारी मी फळा पुसून लिहिलं, "जहाज-वाहतुकीचा इतिहास: एक अनुभव". याचा काही उपयोग झाला नाही. मुलुंडमध्ये भाजीवाली फळ्याच्या आधी बातमी पोचवते. एरवी गुरुवारी पंचवीस माणसं येतात. त्या दिवशी एकसष्ट आली. तिघे घाटकोपरच्या संघातून, केवळ सदिच्छा भेट म्हणून.

पाच वाजता भाऊंनी घड्याळ टेबलावर ठेवलं. दुसऱ्या रांगेत त्यांच्या पत्नी नीलाताई होत्या. अगदी मागे, पंख्याखाली, मांडीवर पिशवी घेऊन सुगंधाताई बसल्या होत्या. त्या संघात नेमाने येतात आणि कधी बोलत नाहीत.

काशीराम उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन आणि बॅटरी.

"नमस्कार. मी काशीराम. मी आयुष्यात एक थेंबपण घेतला नाय." त्यांनी भाऊंकडे पाहिलं. "झालं. आता बोलू?"

खोलीभर एक निराशेचा सुस्कारा गेला. घाटकोपरच्या एका पाहुण्याने तर हाताची घडीच घातली.

पण काशीरामांनी सुरुवात इतक्या लांबून केली की लोक सावरून बसले. दोनशे वर्षांपूर्वी, म्हणाले, मुंबईतल्या गोऱ्यांना बीअर लागायची आणि ती यायची विलायतेहून. शिडाच्या बोटीतून, आफ्रिकेला वळसा घालून, चार-सहा महिने. लाकडी पिंपं, एकेकात अडीचशे लिटरच्या आसपास. वाटेत बोट दोनदा विषुववृत्त ओलांडणार, म्हणजे आधी उकाडा, मग गारठा, पुन्हा उकाडा. बीअर आंबायची. म्हणून तिच्यात हॉप्स नावाची कडू फुलं जास्त घालायला लागले, आणि ती टिकली. तिकडून इकडे येताना बोटी बऱ्याचदा अर्ध्या रिकाम्या असायच्या, त्यामुळे भाडंही कमी.

"आणि बर्फ?" पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं. "त्या काळी इथे फ्रीज कुठे होते?"

"बर्फ अमेरिकेतून यायचा. तोपण बोटीने, लाकडाच्या भुशात गुंडाळून. बीअर विलायतेची, बर्फ अमेरिकेचा, नि पिणारा कुलाब्याच्या बराकीत घाम पुसत बसलेला."

लोक हसले. हात बांधलेल्या पाहुण्याने घडी सोडली.

मग त्यांनी खलाशांची चोरी सांगितली. पिंपाला लोखंडी पट्टे असतात. खलाशी एक पट्टा ठोकून थोडा सरकवायचे, त्याखालच्या लाकडाला बारीक भोक पाडायचे, काडी घालून ओढायचे. पोट भरलं की भोकात खुंटी मारायची आणि पट्टा पुन्हा जागेवर. मुंबईत पिंप उतरवलं की वरून अखंड, आतून हलकं. "साहेब म्हणायचा, बाष्पीभवन झालं."

दुसऱ्या महायुद्धातली गोष्टही त्यांनी सांगितली. पूर्वेकडे लढणाऱ्या सैनिकांसाठी इंग्रजांनी एका बोटीवर बीअरची भट्टीच बसवली; समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करायचं आणि बोटीवरच बीअर बनवायची. सगळी जय्यत तयारी झाली, पहिली बीअर भट्टीत पडली, तेव्हा लढाई संपून साडेचार महिने झाले होते. "सरकारी काम," काशीराम म्हणाले, आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली अर्धी खोली मनापासून हसली.

तोवर पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. त्यांनी वहीचं पान उलटलं.

"मग पिंपं गेली नि बोटीवर पोलादी टाक्या आल्या. पुढे खास बीअरसाठीच टँकर बांधायला लागले. तशी पहिली बोट इंग्लंडात शहात्तर साली पाण्यात उतरली. आमची त्यातलीच, पण लहान. पिंपात कुणाला कळलं नव्हतं, पण टाकीत त्रास झाला तो फेसाचा. पायपातून जोरात सोडली की अर्धी बीअर नि अर्धा फेस. मग त्यांनी शोधून काढलं, की..."

पुढची ओळ वहीत सापडेना. काशीराम चष्मा वर करून शोधू लागले. खोळंबा भाऊंना सोसत नाही.

"अहो, कडेकडेने सोडायची," भाऊ म्हणाले. "ग्लास तिरका धरायचा आणि कडेने हळूहळू ओतायची. फेस येतच नाही."

सगळी खोली भाऊंकडे बघू लागली.

"बरोब्बर!" काशीराम म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं. ओळ सापडल्याचा आनंद होता. "तेच. फक्त आमचा ग्लास दोन लाख लिटरचा, तिरका धरता येत नव्हता. म्हणून तळातून भरायचो."

"अहो," दुसऱ्या रांगेतून नीलाताई म्हणाल्या, "तुम्हाला कसं माहीत?"

"वाचलंय कुठेतरी."

"कुठे?"

"नीला, सभा चालू आहे."

"मीसुद्धा सभासद आहे. कुठे वाचलंत?"

भाऊंनी घंटीकडे पाहिलं, पण घंटी फक्त वक्त्यासाठी असते. "मुतखडा झाला होता ना मला," ते हळू आवाजात म्हणाले, "दोन हजार चार साली. तेव्हा डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांनी पाणी प्यायला सांगितलं होतं. मी बरोबर होते."

"कंपाउंडरने सांगितलं होतं."

एवढं झालं असतं तर काशीरामांचं व्याख्यान सुरळीत पार पडलं असतं. पण मागून एक आवाज आला, "मलासुद्धा खड्यासाठीच सांगितली होती." दुसरा म्हणाला, "मला तर दोन्ही बाजूंना होते." आमच्या संघात मुतखडे झालेली इतकी माणसं आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. एका गृहस्थांचा खडा एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीमध्येच पडला होता, पण पुन्हा होऊ नये म्हणून ते अजून काळजी घेत होते. एक बाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा दर शनिवारी संध्याकाळी दुखायचा. रविवारी बरा." कडू असते की नाही, यावर तीन मतं पडली. थंड असली तर कडू लागत नाही, हे मत शेवटी टिकलं. डॉक्टर शर्मिष्ठाताई, ज्यांनी पस्तीस वर्षं दवाखाना चालवला, उभ्या राहून सांगत होत्या, "बीअरने खडा पडत नाही हो! पाणी प्या, पाणी!" त्यांच्याकडे कुणीही बघत नव्हतं. शेवटी एक शहात्तर वर्षांच्या आजी हात वर करून उभ्या राहिल्या. "मला खडा-बिडा काही झाला नव्हता," त्या म्हणाल्या. "गोव्याला घेतली होती. आवडली नाही." आणि खाली बसल्या.

या सगळ्यात काशीराम टेबलापाशी वही उघडी धरून उभे होते. कुणी बोललं की त्याच्याकडे वळायचे, तोंड उघडायचे, तेवढ्यात दुसरं कुणी बोलायचं. माझी जागा खिडकीपाशी होती, तिथून मला त्यांच्या वहीचं पान दिसत होतं. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "आमची बोट". त्याच्या खाली एक ओळही वाचून झाली नव्हती.

घंटी वाजली. साडेपाच.

"वेळ संपली," भाऊ म्हणाले. गेल्या काही मिनिटांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात अधिकार परत आला होता, आणि तो सोडायची त्यांची तयारी नव्हती. "आजच्या वक्त्यांचे आपण आभार मानू या."

काशीरामांनी वाद घातला नाही. बोटीवर घंटा झाली की हातातलं काम सोडायचं, ही त्यांची सवय. त्यांनी वही मिटली, पेन खिशात लावलं. बॅटरी आहे ना, हे चाचपून पाहिलं. टाळ्या सुरू होणार, एवढ्यात मागे खुर्ची सरकली.

सुगंधाताई उभ्या होत्या. पिशवी हातात होती.

"तुमचे खडे पडून झाले आसतीत," त्या म्हणाल्या, "तर आता माझ्या घोवाक बोलूक द्या."

सगळ्यांनी माना मागे वळवल्या. सहा वर्षांत त्यांचा आवाज खोलीतल्या बऱ्याच जणांनी ऐकला नव्हता.

"ताई, नियम आहे," भाऊ म्हणाले. "अर्धा तास."

"अर्धो तास ह्यांचो ना? पाच वाजून तेरा मिनटांनी तुम्ही गिलास तिरको धरलात. थयसून आतापर्यंत सतरा मिनटां झाली. मी घड्याळ बघतंय. त्यातला एक मिनिट तरी हे बोलले काय?"

भाऊंनी टेबलावरचं घड्याळ उचललं. ओठ हलवत हिशोब केला. एक सांगायला हवं, भाऊ माणूस ताठ आहे, पण कागद बरोबर असेल तर ते दावा नाकारत नाहीत.

"दावा रास्त आहे," ते म्हणाले. "सतरा मिनिटं मंजूर. आणि मध्ये कोणी बोलायचं नाही. मी धरून."

काशीरामांनी वही पुन्हा उघडली, आणि मग बाजूला ठेवून दिली. पुढचं त्यांनी न बघता सांगितलं.

"आमच्या बोटीला सहा टाक्या. माल उतरवला की टाकी गरम पाण्याने धुवायची, मग सोड्याने, मग परत पाण्याने. मग वाफ. मग थंड करायची. नंतर तासन्‌तास पंखा लावायचा, कारण बीअरमधून कार्बन डायऑक्साइड निघतो नि तो तळाला बसतो. तो दिसत नाय, वास येत नाय. उतरलेला माणूस वर येत नाय. म्हणून आधी मीटर खाली सोडायचा. मीटरने हो म्हटलं, की मग मी. वर एक माणूस दोरी धरून बसलेला. शिडी उभी. खाली पोचलो की बॅटरी बंद करायची."

"बंद?" कुणाच्या तरी तोंडून निघालं. भाऊंनी बोट ओठावर ठेवलं.

"बंद. दिसायला लागलं की नाक आळशी होतं. काळोखात गुडघ्यावर बसायचं, तळाजवळ नाक न्यायचं. सगळे कोपरे. पायपाचं तोंड. झडपेच्या मागे. साबणाचा वास राहिला तरी नापास. शिळ्या भाकरीसारखा वास आला तर जुना माल कुठेतरी राहिलाय, नापास. वर येऊन सही करायची. काशीराम कोयंडे. त्या सहीशिवाय टाकीत थेंब पडत नव्हता. कॅप्टनला पण भरता येत नव्हता."

ते एक घोट पाणी प्यायले.

"ब्याऐंशी साल. तीन नंबरची टाकी. धुतली, मी उतरलो, भाकरीचा वास. परत धुतली. परत वास. तीनदा, चारदा. मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालचा अधिकारी, तो उतरला, म्हणाला, काही नाय. दुसरा उतरला, काही नाय. भरतीची वेळ होत आली. ती भरती चुकली की पुढची बारा तासांनी. वर कॅप्टन ओरडतोय, साइन इट! मी म्हटलं, नो सर. तो म्हणाला, ह्या बोटीवर बीअर न पिणारा तू एकटा, नि बीअरचं तूच मला शिकवतोस? मी म्हटलं, येस सर. इंग्रजी मला तेवढंच येत होतं."

कुणी हसलं नाही. हसण्याची जागा होती, पण सगळ्यांना पुढचं हवं होतं.

"भरती गेली. कॅप्टन केबिनमध्ये गेला, धाडकन दार लावलं. मी पाचव्यांदा उतरलो. दोन तास बसलो काळोखात. झडपेच्या मागे रबराची एक चकती असते. ती चिरलेली. चीर केवढी, तर नखाएवढी. त्या चिरेत जुनी बीअर जाऊन बसलेली. तेवढ्याने दोन लाख लिटर नासली असती. चकती बदलली, धुतली, उतरलो, सही केली. कॅप्टन दोन दिवस बोलला नाय. तिसऱ्या दिवशी जेवताना माझ्या पानात त्याच्या वाटचं अंडं ठेवलं. काही बोलला नाय. अंडं ठेवलं नि गेला."

त्यांनी बाजूला ठेवलेली वही उचलून मिटली.

"अकरा वर्षांत माझ्या सहीची एकपण टाकी परत आली नाय. नव्वद साली ती बोट भंगारात गेली नि मी घरी आलो. एवढंच सांगायचं होतं. झालं माझं."

भाऊंनी घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं शिल्लक होती. त्यांनी घंटी उचलून मांडीवर ठेवली आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तीही इतरांच्या आधी.

मग प्रश्न आले, आणि या वेळी बोटीचे आले. टाकी पोलादाची की आणखी कशाची? दोरी धरणारा झोपला तर? अंडं उकडलेलं की तळलेलं? काशीरामांनी प्रत्येकाला उत्तर दिलं. अंडं उकडलेलं होतं. ते त्यांनी खाल्लं नव्हतं, कारण माळ. शेजारच्या खलाशाला दिलं, पण कॅप्टनला कधी सांगितलं नाही.

शेवटी नीलाताईंनी हात वर केला.

"काशीराम, एक विचारू? आता पंच्याहत्तरी झाली. माळही आता गळ्यात दिसत नाही तुमच्या."

"बायपासच्या वेळी काढली. नंतर घातली नाय."

"मग आता एक घोट घेऊन बघायला काय हरकत आहे? एवढी वर्षं सांभाळलीत, निदान कळेल तरी. ह्यांच्याकडे असेल घरी. खड्यासाठी ठेवलेली."

भाऊ छताकडे बघू लागले. काशीराम खरंच विचारात पडले. डोळे मिटले, जसे ते कुणाच्याही स्वयंपाकघराच्या दारात मिटतात.

"नको," ते म्हणाले. "घेतली नि आवडली नाय, तर वाटेल, ह्याच्यासाठी आपण काळोखात गुडघे फोडले?"

"आणि आवडली तर?"

"आवडली तर अकरा वर्षं फुकट गेली की!"

एकसष्ट माणसं एकदम हसली, भाऊ सगळ्यांत मोठ्याने. मागून सुगंधाताई पिशवी सावरत पुढे येत होत्या, लोकांना बाजूला करत. "चला आता," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आवडतली की नाय त्येचो विचार घराक जाऊन करा. राजेशक चावी दिलेली नाय, तो दारात उभो आसतलो." काशीराम म्हणाले, "हो गो, आलो," आणि तरी ते निघाले नाहीत. घाटकोपरचे तिघे त्यांना घेरून उभे होते आणि झडपेची चकती नेमकी कुठे असते, हे त्यांना पेनाने कागदावर काढून हवं होतं.